अंधारातलं दिसलं पाहिजे : हॉरर रिमेकची स्पेशल एडिशन घरी बघताना

भयपट घरी लावला आणि ऐन मोक्याला पडद्यावर नुसता करडा चिखल दिसला, कोण कुठून आलं तेच कळलं नाही, असं बऱ्याच जणांचं होतं. मग दिग्दर्शकाला नावं ठेवली जातात. पण पडद्यावरचा अंधार कॅमेऱ्यातल्या निगेटिव्हपासून तुमच्या सोप्यातल्या टीव्हीपर्यंत येताना सात-आठ हातांतून जातो, आणि त्यातला कुठलाही हात तो बिघडवू शकतो. स्पेशल एडिशनच्या डिस्कसाठी काही हजार रुपये मोजायचे की नाही, हे ठरवताना खोका, पोस्टर आणि पुस्तिका नंतर बघा. आधी बघायचं ते त्या अंधाराची निगा कुणी आणि किती राखलीय.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरू : जॉन कारपेंटरचा १९८२चा ‘द थिंग’. हा रिमेक आहे, त्याच्या चांगल्या-वाईट आवृत्त्या घरच्या बाजारात आल्या आहेत, आणि जवळपास प्रत्येक तांत्रिक अडचण त्याच्या एखाद्या प्रसंगात बोट ठेवून दाखवता येते.

रिमेक म्हणजे उसनवारी, असं कोल्हापूरकरानं तरी म्हणू नये. कोल्हापूरच्याच बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ मूकपट म्हणून केला आणि बोलपट आल्यावर १९३६ साली स्वतःच तो पुन्हा बोलता केला. नवं तंत्र हाताशी आलं की जुनी गोष्ट वेगळी सांगता येते, एवढाच त्याचा अर्थ. ‘द थिंग’चंही तसंच. मूळ कथा जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांची, १९३८ची. तिच्यातला परग्रहावरचा जीव कुणाचंही रूप घेतो. १९५१ साली तिच्यावर पहिला चित्रपट निघाला तेव्हा असं रूपांतर पडद्यावर दाखवायची सोय नव्हती, म्हणून मेकअप करून एक उंचापुरा नट उभा केला. १९८२ला कारपेंटरच्या हाताशी रॉब बॉटिनसारखा विशीतला इफेक्टवाला होता, आणि चित्रपट मूळ कथेकडे परत गेला.

थिएटरात मात्र तो पडला. २५ जून १९८२ला लागला, त्याच्या दोनच आठवडे आधी ‘ई.टी.’ आला होता आणि लोकांना गोड परग्रहवासी हवा होता. त्याला पुन्हा उभं केलं ते व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीनं. म्हणजे या चित्रपटाचं नाव झालं तेच मुळी घरच्या पडद्यावर.

ऑर्डर देण्याआधी एक सावधगिरी. २०११ साली याच नावाचा आणखी एक चित्रपट आला. त्याची गोष्ट १९८२च्या कथेच्या आदल्या दिवसांत घडते, पण नाव अक्षरशः तेच. ऑनलाइन दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात आणि घाईत भलताच उचलला जातो. नावावर जाऊ नका, साल आणि दिग्दर्शक बघा. रिमेक आणि मूळ चित्रपट यांच्या बाबतीत हा घोळ कायमचा आहे.

मास्टर म्हणजे काय आणि पैसे तिथंच का असतात

३५ मिमी फिल्मवर चित्रित झालेल्या चित्रपटाची सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून इंटरपॉझिटिव्ह म्हणजे पहिली सुलटी प्रत काढतात, त्यावरून दुसरी निगेटिव्ह, आणि तिच्यावरून थिएटरला जाणाऱ्या प्रिंट. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यावर जे होतं तेच इथं होतं : दर पायरीला बारकावा कमी आणि कण जास्त. झळ सर्वात आधी अंधाराला लागते, कारण काळ्या कोटाच्या घडीत आणि त्याच्या मागच्या काळ्या भिंतीत फरक मुळातच नखाएवढा असतो.

यातल्या एखाद्या पायरीचा स्कॅन करून जी डिजिटल मूळ प्रत बनते ती मास्टर, आणि डिस्क तिच्यावरून निघते. म्हणून डिस्कच्या मागच्या बाजूला एक ओळ शोधायची : स्कॅन कशावरून केलाय. ‘द थिंग’च्या दोन आवृत्त्यांत हा फरक नेमका दिसतो. २०१६ला शाउट फॅक्टरीनं काढलेली ब्लू-रे इंटरपॉझिटिव्हच्या टू-के स्कॅनवरून (टू-के म्हणजे रुंदीत साधारण दोन हजार ठिपके, फोर-के म्हणजे चार हजार) होती आणि तिच्यावर छायाचित्रकार डीन कंडी यांची देखरेख होती. २०१७ला अ‍ॅरो या ब्रिटिश कंपनीची आवृत्ती मूळ निगेटिव्हच्या फोर-के स्कॅनवरून आली, कारपेंटर आणि कंडी दोघांच्या देखरेखीखाली. दोन्ही शेवटी १०८० रेषांच्या ब्लू-रेच. पण अ‍ॅरोचं काम मूळ निगेटिव्हपासून सुरू झालं, शाउटचं एक पायरी खालून. २०२१ला युनिव्हर्सलची फोर-के डिस्क आली.

छायाचित्रकाराची देखरेख ही जाहिरातीतली शोभा नव्हे. स्कॅन झाल्यावर निगेटिव्हमधून थिएटरात दिसला त्यापेक्षा बराच जास्त तपशील बाहेर येतो. एखाद्या उत्साही रंगकाराला वाटतं, एवढं आहे तर दाखवू या. तो सावल्या उचलतो, आणि ज्या कोपऱ्यात काय आहे हे कळू नये अशीच योजना होती तो कोपरा उजळतो. कुठला अंधार अंधारच ठेवायचा, हे ज्यानं दिवे लावले त्यालाच नक्की माहीत असतं.

यानंतर येतो ग्रेन. फिल्मवर बारीक कणांची एक चलबिचल कायम असते. ती घाण नव्हे, चित्र त्या कणांचंच बनलेलं असतं. काही आवृत्त्यांत डिजिटल नॉइज रिडक्शन लावून ती पुसतात आणि कणांबरोबर कातडीवरची रंध्रं, लोकरीचे धागे, दाढीतलं गोठलेलं बर्फही पुसलं जातं. चेहरे मेणाचे दिसू लागतात. मग चित्र मऊ वाटतं म्हणून वरून धार चढवतात, आणि माणसांच्या कडेला पांढरी रेघ येते. डिस्कची तपासणी करायची असेल तर चित्र थांबवून केसांकडे आणि कपाळाकडे बघा. केस सुटे दिसतात की रंगवल्यासारखे, यावरून अर्धा निकाल लागतो.

उलट एक गोष्ट दोष समजू नका. बर्फातलं अंतराळयानाचं विवर दाखवणारं दृश्य एकदम जास्त खरखरीत दिसतं. ते अल्बर्ट व्हिटलॉक यांनी रंगवलेलं मॅट पेंटिंग आहे. रंगवलेलं चित्र आणि माणसं वेगवेगळी टिपून फिल्मवरच एकत्र केली जात, त्यात एक-दोन पिढ्या वाढत आणि कण मोठे होत. चांगल्या डिस्कवर हा सांधा जास्तच ठळक दिसतो.

एवढं चित्र डिस्कमध्ये मावतं कसं

हिशेब करून बघू. फोर-के चित्र, १० बिट रंग, सेकंदाला २४ चौकटी : न दाबता ठेवलं तर सेकंदाला साधारण ३ गिगाबिट माहिती होते. १०९ मिनिटांचा चित्रपट म्हणजे जवळपास अडीच टेराबाइट. मोठ्यातल्या मोठ्या फोर-के डिस्कवर मावतात १०० जीबी, त्यातही आवाजाचे ट्रॅक आले. म्हणजे चित्र तीस-चाळीस पट दाबावं लागतं. स्ट्रीमिंगला सेकंदाला १५ मेगाबिट धरले तर दाब जातो दोनशे पटीवर.

दाबणारं सॉफ्टवेअर कंजूष असतं, आणि माणसाच्या नजरेला काय कळणार नाही हे त्याला शिकवलेलं असतं. अंधारात डोळ्याला कमी दिसतं, म्हणून ते तिथं हात आखडतं. मग काळ्या कोपऱ्यात चौकोनी ठोकळे नाचतात आणि टॉर्चच्या उजेडाभोवती कांद्याच्या चकतीसारखी वलयं उठतात. त्यात बर्फाचा भुरभुराट, धूर, तोंडातून निघणारी वाफ यांसारखं दर चौकटीला बदलणारं काही आलं की विचारूच नका. ‘द थिंग’मध्ये हे सगळंच आहे. आतले प्रसंग थंड केलेल्या सेटवर घेतल्यामुळं नटांच्या तोंडची वाफ खरी आहे. डिस्कवर ती विरत जाते. स्ट्रीमिंगवर बऱ्याचदा तुकड्या-तुकड्यांनी गायब होते.

तिन्ही प्रकारांचा फरक थोडक्यात असा. डीव्हीडीवर पाल पद्धतीत (भारत-युरोपातली टीव्हीची पद्धत) ५७६ रेषा, आणि जास्तीत जास्त साडेआठ जीबी. ब्लू-रेवर १०८० रेषा आणि ५० जीबीपर्यंत जागा, रंगाच्या प्रत्येक घटकाला ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या. फोर-के यूएचडीवर २१६० रेषा, १० बिट म्हणजे १०२४ पायऱ्या, आणि एचडीआर, म्हणजे गडद काळं आणि झगझगीत उजेड यांच्यातलं अंतर वाढवून दाखवायची सोय. भयपटाला रेषांपेक्षा या पायऱ्याच जास्त कामाला येतात, कारण काळ्याकडून करड्याकडे जाताना पायऱ्या कमी पडल्या की वर सांगितलेली वलयं उठतात.

पाल डीव्हीडीची आणखी एक गंमत. ती २५ चौकटींची, चित्रपट २४चा. म्हणून तो सरळ चार टक्के वेगानं पळवतात. १०९ मिनिटांचा चित्रपट १०५ मिनिटांच्या आतच संपतो आणि सगळ्यांचे आवाज थोडे वर चढतात. डीव्हीडीवर वेळ कमी दिसली म्हणजे काहीतरी कापलंय, असं लगेच समजू नका. आधी हा गुणाकार करून बघा.

कापाकापीचं म्हणाल तर भयपटांत थिएट्रिकल, अनरेटेड, डायरेक्टर्स कट अशी बरीच लेबलं असतात. (कोल्हापुरात कट म्हटलं की मिसळच आठवते, पण इथं वाढून घ्यायची सोय नाही.) अनरेटेड याचा अर्थ इतकाच, की ती आवृत्ती अमेरिकेतल्या प्रमाणन मंडळाकडे पाठवलेली नाही. त्यात दहा मिनिटं जास्त असतील किंवा दहा सेकंद. एकूण मिनिटं ताडून बघितल्याशिवाय जादा पैसे देऊ नयेत. ‘द थिंग’ची थिएटरातली आवृत्तीच अस्सल. टीव्हीसाठी निवेदन घालून आणि प्रसंग छाटून एक वेगळी आवृत्ती केली होती, ती कुतूहल म्हणून बघावी.

रीजन कोड : इथं पैसे बुडतात

ब्लू-रेसाठी जगाचे तीन भाग केलेत. अमेरिका, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया ‘ए’मध्ये, युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया ‘बी’मध्ये आणि भारत, चीन, रशिया ‘सी’मध्ये. डीव्हीडीची वाटणी वेगळी, तिथं भारत पाचव्या रीजनमध्ये. प्लेअर ज्या भागासाठी विकला गेला, त्याच भागाच्या किंवा कुलूप नसलेल्या डिस्क तो चालवतो. फोर-के यूएचडीला मात्र रीजन कोडच नाही, ती कुठलीही कुठंही चालते.

हे ऐकून लोक निर्धास्त होतात आणि तिथंच फसतात. फोर-केच्या संचात बहुतेक दोन डिस्क असतात : एक फोर-के आणि एक साधी ब्लू-रे. मुलाखती, माहितीपट, जुनी आवृत्ती हे सगळं स्पेशल एडिशनपण बऱ्याचदा त्या ब्लू-रे डिस्कवर असतं, आणि ती रीजननं बंद असू शकते. चित्रपट झकास चालतो आणि ज्यासाठी जादा पैसे मोजले ती डिस्क ‘इथं चालणार नाही’ म्हणून बाहेर येते. म्हणून संचातल्या प्रत्येक डिस्कचा रीजन वेगळा तपासायचा.

प्लेअरचंही तसंच. संगणकातला साधा डीव्हीडी ड्राइव्ह ब्लू-रे वाचूच शकत नाही. त्याचा लेझर लाल, ६५० नॅनोमीटरचा. ब्लू-रेला लागतो ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. प्लेस्टेशन ५ घ्यायचा तर डिस्क ड्राइव्हवाला, त्यावर फोर-के डिस्क चालते, पण एचडीआर१० या साध्या एचडीआरमध्येच, डॉल्बी व्हिजन हा वरचा प्रकार मिळत नाही. प्लेस्टेशन ४ प्रो गेम फोर-के दाखवतो, पण फोर-के डिस्क घेत नाही.

बाहेरून मागवताना कुरिअर कंपनी ओळखपत्र मागते आणि सीमाशुल्क डिस्कच्या किमतीवर नव्हे, तर किंमत अधिक वाहतूक खर्च अशा बेरजेवर लागतं. एक डिस्क मागवली काय आणि चार मागवल्या काय, वाहतूक चौपट होत नाही, म्हणून दोघा-तिघांनी मिळून एकत्र मागवलेलं परवडतं. स्टीलबुक म्हणजे पत्र्याच्या पेटीतली आवृत्ती, तिचा पत्रा पातळ असतो आणि वाटेत कोपऱ्याला पोचा येतो. पोच्यानं डिस्कला काही होत नाही, पण आतली डिस्क खिळीवरून सुटून फिरत असेल तर ओरखडे नक्की. पार्सल उघडण्याआधी हलवून बघा. खडखड ऐकू आली तर उघडतानाच व्हिडिओ काढून ठेवा, परताव्याला उपयोगी पडतो.

टीव्ही : सगळ्यात जास्त बिघाड इथं

इतकं करून आणलेली डिस्क शोरूमच्या सेटिंगवर लावली तर केलेलं पाण्यात. दुकानात ट्यूबलाइटखाली उठून दिसावा म्हणून टीव्ही निळसर, भडक आणि गुळगुळीत ठेवलेला असतो. घरी आल्यावर हे क्रमानं करा.

पिक्चर मोड ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा. रंगछटा ‘वॉर्म’. पहिल्या दिवशी पिवळट वाटेल, तिसऱ्या दिवशी डोळा बसतो. मग हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. कंपनीगणिक तिला ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस अशी नावं आहेत. ती मधल्या चौकटी स्वतः बनवून घालते, त्यामुळं चित्रपट मालिकेसारखा दिसतो आणि रबरी राक्षस खरोखरच रबरी दिसायला लागतो. नॉइज रिडक्शन बंद. शार्पनेस खाली आणा, मात्र प्रत्येक टीव्हीचं तटस्थ टोक शून्यावरच असतं असं नाही, सोनीवर ते ५०वर असतं. खोलीच्या उजेडाप्रमाणं आपोआप मंदावणारा इको सेन्सर बंद, नाहीतर दिवे घालवल्याबरोबर टीव्हीही मिणमिणतो.

आता मुख्य गोष्ट. बऱ्याच टीव्हींवर ‘ब्राइटनेस’ आणि ‘बॅकलाइट’ अशी दोन वेगळी बटणं असतात. चित्र अंधारलेलं वाटलं की माणूस ब्राइटनेस वाढवतो, आणि ती चूक ठरते. ब्राइटनेस काळ्याची पातळी ठरवतो, तो वाढवला की काळं करडं होतं. उजेड हवा असेल तर बॅकलाइट वाढवा. ब्राइटनेस लावायला कुठलं यंत्र लागत नाही, ‘द थिंग’च्या वर-खाली असलेले काळे पट्टेच पुरतात. रात्री दिवे बंद करा, ब्राइटनेस पट्टे करडे दिसेपर्यंत वाढवा, मग एकेक अंक खाली या आणि पट्टे काळे झाल्याबरोबर थांबा. त्याच्या पुढं गेलात तर सावलीतला तपशील गडप होतो.

पडताळणीला कुत्र्यांच्या खुराड्याचा प्रसंग लावा. त्यातला प्राणी बॉटिनवर कामाचा डोंगर झाल्यामुळं स्टॅन विन्स्टन यांनी करून दिला होता. उजेड अगदी कमी आणि आकार कळतो तो ओल्या कातडीवरच्या चमकेवरून. टीव्ही नीट लागला असेल तर आधी अंधारात बसलेला कुत्रा त्याच्या मागच्या अंधारापासून वेगळा कळतो, नंतर ओलेपणाचे ठिपके हलतात आणि त्यांच्यामधलं काळं काळंच राहतं. सगळं करडं दिसलं तर ब्राइटनेस जास्त. ठिपके हवेत तरंगल्यासारखे, खाली शरीरच नाही असं दिसलं तर कमी.

एवढं करूनही चित्र फिकट किंवा गडद राहिलं तर गडबड एचडीएमआयच्या काळ्या पातळीत असते. ८ बिट व्हिडिओत काळं १६ वर आणि पांढरं २३५ वर धरतात, संगणक ० ते २५५ धरतो. प्लेअर एक भाषा बोलतो आणि टीव्ही दुसरी ऐकतो, असं झालं की अंधार एकतर धुतला जातो नाहीतर डांबर होतो. दोन्हीकडं ‘लिमिटेड’ ठेवा किंवा दोन्हीकडं ‘ऑटो’. लॅपटॉप जोडून बघणाऱ्यांना हा त्रास सर्वाधिक.

एचडीआरबद्दल बोलायचं तर डिस्क आणली, प्लेअर आणला आणि एचडीआर चालूच झाला नाही, ही तक्रार नेहमीची. टीव्हीच्या त्या विशिष्ट एचडीएमआय पोर्टला पूर्ण क्षमता द्यावी लागते. सॅमसंगवर ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीवर ‘डीप कलर’, सोनीवर ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ असं काहीसं लिहिलेलं असतं. केबल १८ गिगाबिटची, आणि शक्यतो दोन मीटरच्या आतली. आणखी एक, स्वस्त टीव्हीवर ‘एचडीआर’ छापलेलं असतं, पण पडद्याला तेवढा उजेडच नसतो. डिस्क १,००० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) हिशेबानं बनलेली आणि टीव्ही ३००चा, मग तो सगळं चित्र खाली दाबतो आणि आधीच काळोखी दृश्यं आणखी बुडतात. अशा टीव्हीवर फोर-के डिस्कपेक्षा संचातली साधी ब्लू-रे जास्त चांगली दिसते. ऐकायला विचित्र वाटेल, पण लावून बघा. चांगल्या टीव्हीवर मात्र रक्ताच्या चाचणीच्या प्रसंगात फरक डोळ्यांत भरतो. खोली मंद आणि ज्योत खरोखर झगझगीत, एकाच चौकटीत.

काळ्या पट्ट्यांवरून घरोघरी वाद होतो, म्हणून मापं सांगून ठेवतो. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंमी रुंद आणि साडेत्रेपन्न सेंमी उंच. हा चित्रपट २.३५ : १ या मापात चित्रित झालाय, म्हणजे चित्राची उंची साडेचाळीस सेंमी आणि वर-खाली साडेसहा-साडेसहा सेंमीचे पट्टे. झूम करून पट्टे घालवले की डावी-उजवी बाजू कापली जाते, आणि या चित्रपटात सगळा संशय कडेला उभ्या असलेल्या माणसावर असतो. १९५१चा मूळ चित्रपट जवळपास चौकोनी, १.३७ : १, त्यात पट्टे डाव्या-उजव्या बाजूला येतात, प्रत्येकी अकरा सेंमी. तिथं झूम केलं तर डोकी उडतात. मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असेल तर ते चालू करा, नाहीतर टीव्ही कडा स्वतःच कापतो.

खोलीत रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडद्यावर पडत असेल तर वरचं सगळं निम्म्यावर येतं. पूर्ण काळोखही डोळ्यांना जड जातो. टीव्हीच्या मागं मंद पांढरी एलईडी पट्टी, ६,५०० केल्विनची, भिंतीकडं तोंड करून लावा. गणपतीच्या आराशीतली रंग बदलणारी पट्टी इथं नको, ती चित्राचे रंग फिरवते.

आवाज

‘द थिंग’ १९८२ला डॉल्बी स्टिरिओत आला आणि ७० मिमीच्या प्रिंटना सहा ट्रॅकचा आवाज होता. शाउटच्या डिस्कवर त्या सहा ट्रॅकवरून केलेला ४.१ मिक्स (चार स्पीकर आणि खर्जाचा एक) आहे. नंतर बनवलेला ५.१ जास्त फिरवाफिरवी करतो. जुना मिक्स जास्त घट्ट. एनिओ मॉरिकोने यांचं हृदयाच्या ठोक्यासारखं खर्जातलं संगीत मात्र टीव्हीच्या अंगच्या स्पीकरातून जवळपास ऐकूच येत नाही. सबवूफरसह साधा साउंडबारसुद्धा इथं मोठा फरक पाडतो.

साउंडबार जोडला आणि चित्र दिसतंय पण आवाज नाही, असं झालं तर बहुधा डिस्कवर डीटीएस (आवाज साठवायची एक पद्धत) आहे आणि तुमचा टीव्ही डीटीएस पुढं पाठवत नाही. प्लेअरच्या आवाजाच्या मेनूत ‘पीसीएम’ (उलगडलेला साधा आवाज) निवडा, किंवा प्लेअर थेट साउंडबारला जोडा आणि तिथून टीव्हीला. न दाबलेला पूर्ण आवाज टीव्हीतून जायचा असेल तर ई-आर्क लागतं (आर्क म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयनं साउंडबारला नेणारी सोय, ई-आर्क तिची वरची आवृत्ती), साध्या आर्कमधून ५.१ जातो तो दाबलेलाच. कुजबूज ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा आणि पुढच्याच क्षणी किंकाळीनं शेजारी जागे व्हावेत, यावर प्लेअरमधला ‘नाइट मोड’ हा उपाय. भयपटाची थोडी हवा जाते, पण वाड्यात किंवा अपार्टमेंटमध्ये पर्याय नाही.

सुरुवातीला हेलिकॉप्टरमधून आलेला माणूस नॉर्वेजियन भाषेत ओरडतो आणि सबटायटल येत नाही. मेनूत शोधत बसू नका, ते मुद्दामच नाही. त्याचं बोलणं ज्याला कळेल त्याच्यासाठी अर्ध्या चित्रपटाचं गुपित तिथंच फुटतं.

जादाचं साहित्य

यात पसारा फार असतो. कारपेंटर आणि नायक कर्ट रसेल यांची कॉमेंटरी ऐकावी, दोघं मित्र असल्यानं गप्पा मोकळ्या आहेत. ‘टेरर टेक्स शेप’ हा दीड तासाच्या आसपासचा माहितीपट इफेक्टसाठी बघावा. रुग्णाची छाती फाटून तिच्यात डॉक्टरचे हात तुटतात त्या शॉटला दोन्ही हात नसलेला माणूस घेऊन त्याला नकली हात लावले होते. मेयोनीज, मक्याचा लगदा, वितळवलेलं बबलगम असलं साहित्य राक्षसांच्या अंगात भरलेलं आहे. संच निवडताना हे दोन त्यात आहेत का एवढं बघा. आर्ट कार्ड आणि पोस्टरसाठी मर्यादित आवृत्तीच हवी, असा हट्ट नको. थोड्या महिन्यांनी बऱ्याचदा त्याच डिस्क साध्या वेष्टनात निम्म्या किमतीत येतात.

आपल्याकडचा पावसाळा

जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा डिस्कपेक्षा कागदाची जास्त नासाडी करते. पुस्तिकेला आणि बाहेरच्या पुठ्ठ्याला बुरशी धरते, मग ती पेटीच्या आतल्या बाजूला उतरते. डिस्क बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत, ओल तिथूनच येते. उभ्या ठेवाव्यात. सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, पण त्यांचा रंग बदलला की वाळवून किंवा बदलून घ्याव्यात. नुसत्या पडून राहिलेल्या पुडीचा उपयोग शून्य.

ब्लू-रेची माहिती पृष्ठभागाखाली फक्त ०.१ मिलिमीटरवर असते, डीव्हीडीची ०.६ मिलिमीटरवर. म्हणून ब्लू-रेला वरून कडक थर दिलेला असतो आणि बारीक ओरखडे ती सहन करते, पण बोटाचा तेलकट ठसा खपवून घेत नाही. १०० जीबीच्या डिस्कमध्ये तीन थर असतात. चित्रपट दर वेळी नेमक्या त्याच मिनिटाला अडकत असेल तर आधी तिथं ठसा आहे का बघा. मायक्रोफायबरच्या ओलसर कापडानं मधून बाहेरच्या कडेकडं सरळ पुसा. गोल फिरवून पुसलं आणि ओरखडा उठला, तर तो माहितीच्या रेषेबरोबर लांब जातो आणि प्लेअरला सावरता येत नाही. पुसूनही त्याच जागी अडकली तर डिस्क सदोष, बदलून मागा. वेगवेगळ्या जागी अडकत असेल तर संशय प्लेअरच्या लेन्सवर घ्यावा.

२०१९ आणि २०२१च्या पुरासारखं पाणी घरात शिरलंच, तर डिस्क वाचतात, घाई फक्त चिखल वाळण्याआधी करायची. वाळलेल्या गाळात बारीक रेती असते आणि पुसताना तीच डिस्क खरवडते. आधी वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरून गाळ जाऊ द्या, बोट लावू नका. मग पातळ साबणाच्या पाण्यात बुडवून काढा, शेवटी डिस्टिल्ड पाणी, आणि सावलीत उभ्या करून निथळू द्या. बॅटरीसाठी विकतात तेच डिस्टिल्ड पाणी चालतं. पुस्तिका गुळगुळीत कागदाची असेल तर ती ओली असतानाच पानं एकेक सुटी करा. मिटलेली वाळली की पानं विटेसारखी चिकटतात आणि मग सुटत नाहीत. प्लेअर भिजला असेल तर किमान आठवडाभर प्लगला लावायचा नाही.